जठराच्या कर्करोगातील अधिजनुकीय जनुक-निष्क्रियता

डीएनएमधील अक्षरक्रम जसाच्या तसा असूनही एखादे जनुक पेशीकडून वाचले न जाणे आणि त्यामुळे त्याचे प्रथिन तयार न होणे, या स्थितीला अधिजनुकीय निष्क्रियता म्हणतात. प्रयोगशाळांत रूढ असलेला शब्द ‘एपिजेनेटिक सायलेन्सिंग’ हा आहे. उत्परिवर्तनात पोथीच्या पानावरील अक्षर बदलते किंवा पानच फाटते. येथे पान शाबूत असते, पण शेजारच्या पानाला चिकटल्यामुळे उघडत नाही.

चिकटवण्याचे हे काम मुख्यतः मिथायलीकरणाने होते. जनुकाच्या आरंभी, म्हणजे त्याच्या प्रवर्तक भागात, सायटोसीन व ग्वानीन या जोडीची दाट वस्ती (सीपीजी बेट) असते. निरोगी पेशीत ती सहसा मोकळी असते. तेथील सायटोसीनांवर मिथिल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटा रासायनिक तुकडा) बसले की जनुक वाचणारी यंत्रणा तेथे टिकत नाही, आणि डीएनएमटी१ हे विकर प्रत्येक पेशीविभाजनाच्या वेळी तीच खूण नव्या धाग्यावर उतरवत असल्याने निष्क्रियता पुढील पेशींकडेही जाते. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर ईझेडएच२ हे विकर ठेवत असलेल्या खुणाही जनुके बंद ठेवतात.

जठराच्या बाबतीत विशेष हे की या खुणा कर्करोग होण्यापूर्वीच उमटू लागतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये पहिल्या गटातील कर्ककारक ठरवले. त्याचा संसर्ग असलेल्या व्यक्तींच्या वरकरणी निरोगी दिसणाऱ्या श्लेष्मकलेतही (जठराच्या आतील अस्तरातही) अनेक जनुकांचे मिथायलीकरण वाढलेले आढळते. मात्र दोष थेट जिवाणूचा की त्याने पेटवलेल्या दाहाचा? जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांवरील प्रयोगात सायक्लोस्पोरिन देऊन दाह दडपला, तेव्हा जिवाणूंची संख्या तशीच राहूनही मिथायलीकरण घटले. म्हणजे पारडे दाहाकडे झुकते. जिवाणूचे उच्चाटन केल्यावर मिथायलीकरण काही अंशी उतरते, पूर्णपणे नाही. पोटातील जळजळ ‘पित्त झालंय’ म्हणून कोकम सरबतावर निभावून नेण्याची सवय पुण्यात घरोघरी आहे. अशा दीर्घ दाहाच्या काळातच या खुणा साचत जातात, हे येथे नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये.

निष्क्रिय होणाऱ्या जनुकांत सीडीएच१ महत्त्वाचे आहे. त्याचे ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशींना एकमेकींशी धरून ठेवते. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या होणाऱ्या जठराच्या कर्करोगामागे या जनुकाचे उत्परिवर्तन असल्याचे १९९८ मध्ये दिसून आले. अशा आनुवंशिक रुग्णांत जनुकाची एक प्रत जन्मतः सदोष असते आणि उरलेली दुसरी प्रत पुष्कळदा मिथायलीकरणाने बंद पडते.

एमएलएच१ हे डीएनएच्या नकलेतील चुका दुरुस्त करणारे जनुक. ते बंद पडले की चुका साचतात आणि सूक्ष्म-उपग्रह अस्थैर्य, म्हणजे डीएनएमधील पुनःपुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची लांबी बदलत राहणे, निर्माण होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जठराच्या २९५ अर्बुदांच्या (कर्करोगाच्या गाठींच्या) अमेरिकी जीनोम अभ्यासात सुमारे २२ टक्के अर्बुदे या गटात, तर सुमारे ९ टक्के एपस्टाइन-बार विषाणूच्या गटात होती. या विषाणू-गटात मिथायलीकरण सर्वांत तीव्र असते व पेशीविभाजनाला आवर घालणाऱ्या पी१६ प्रथिनाचे जनुक बंद असते. पण एमएलएच१ मात्र सहसा चालू राहते. उपचाराच्या दृष्टीने विरोधाभास असा की एमएलएच१ निष्क्रिय असलेली अर्बुदे प्रतिकारशक्तीला मोकळी करणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या औषधांना तुलनेने चांगला प्रतिसाद देतात. म्हणूनच बायॉप्सीच्या तुकड्यावर एमएलएच१ प्रथिन आहे की नाही हे विशिष्ट रंग देऊन पाहिले जाते.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथील पेशीसंग्रहातून एजीएस ही जठर-कर्करोगाची पेशीमाला (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी) देशभरातील प्रयोगशाळांना मिळत आली आहे. अशा पेशींवर मिथायलीकरण उतरवणारे डेसिटाबीन हे औषध घालून बंद जनुके पुन्हा वाचली जातात का, हे पाहणे ही या विषयातील नेहमीची कसोटी. डेसिटाबीन व ॲझासायटिडीन ही औषधे रक्त व अस्थिमज्जेच्या काही विकारांत वापरात आहेत, जठरासारख्या घन अर्बुदांत त्यांना तसे यश आलेले नाही. शिवाय एजीएसमध्ये सीडीएच१चे अक्षरच बदललेले असल्याने मिथिल गट काढूनही धड ई-कॅडहेरिन हाती लागत नाही. त्यामुळे पेशीमाला निवडताना कोणते जनुक चिकटलेले आहे आणि कोणते फाटलेले, हे आधी पाहावे लागते.