दाखल नोंद (वस्तुसंग्रहालयीन)

वस्तुसंग्रहालयात आलेली वस्तू कोणती, ती कोठून व कशी आली आणि सध्या कोठे ठेवली आहे, हे केव्हाही सांगता यावे म्हणून ठेवलेली लेखी नोंद. ‘दाखल क्रमांक’ हा शब्द ठाणेकरांना ग्रंथालयामुळे परिचित आहे (तेथील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे). पण हरवलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत मिळू शकते, वीरगळाची (वीराच्या स्मरणार्थ कोरलेल्या शिळेची) नाही. म्हणून वस्तुसंग्रहालयात नोंदीची जबाबदारी अधिक.

रूढ क्रमांक तीन भागांचा असतो : वर्ष, त्या वर्षातील आवक (एका वेळी आलेल्या वस्तूंचा गट) व आवकेतील वस्तू. १९७६.४.२ म्हणजे १९७६ मधील चौथ्या आवकेतील दुसरी वस्तू. कडीत ओवलेल्या ताम्रपटाला (तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या दानपत्राला) मूळ क्रमांक एकच देऊन पत्र्यांना अ, आ, इ अशी अक्षरे लावावीत. तसे न केल्यास पत्रे वेगवेगळ्या कपाटांत जातात आणि दानपत्र तुटते.

सर्वांत कठीण रकाना प्राप्तिस्थानाचा, म्हणजे वस्तू जेथे सापडली त्या जागेचा. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील राजा अरिकेसरी (केशिदेव) याचा ताम्रपट १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खोदताना सापडला. त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. तेव्हा नुसते ‘ठाणे’ लिहिणे अपुरे ठरते. ‘एशियाटिक रिसर्चेस’ या जुन्या इंग्रजी नियतकालिकाच्या पहिल्या खंडात जनरल कार्नाक यांच्यामार्फत आलेल्या या ताम्रपटाच्या भाषांतराच्या शीर्षकात १०१८ हे वर्ष आहे. लेखातील शब्द मात्र ‘एक उणे नऊशे चाळीस’ अशा अर्थाचे, म्हणजे शके ९३९. संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातील वर्षाचे नाव) पिंगल, तिथी कार्तिकी पौर्णिमा. संवत्सर शके ९३९ शी जुळते व कार्तिक इसवी वर्षाच्या उत्तरार्धात येतो (तेव्हा शकात ७८ मिळवतात), म्हणून इ. स. १०१७ हेच ग्राह्य दिसते. तरीही १०१८ खोडू नये. नोंदीत लेखातील शक आधी, रूपांतर नंतर आणि जुने वाचन शेऱ्यात असावे.

जिल्ह्यांची नावेही बदलतात. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला तेव्हा ते गाव ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. १९८१ पूर्वीच्या नोंदीतील ‘कुलाबा जिल्हा’ म्हणजे आजचा रायगड. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १९७० ची. त्याआधीच्या तारखेखाली ‘नवी मुंबई’ लिहिलेले आढळल्यास ते मागाहून घातलेले समजावे. गाव, तालुका व जिल्हा तत्कालीन नावांनी लिहून आजची नावे पुढे द्यावीत, हे उत्तम.

क्रमांक वस्तूवर दर्शनी बाजूस घालत नाहीत. दगड वा धातूवर ॲक्रिलिक राळेचा पातळ थर देऊन, तो वाळल्यावर बारीक शाईने अंक लिहून वर पुन्हा थर देतात. ॲसिटोन या द्रावकाने तो निघतो. वस्त्राला सुती फितीचा तुकडा टाक्यांनी जोडतात. नाण्यावर काहीच लिहीत नाहीत : क्रमांक पाकिटावर, ओळख वजन, व्यास व दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांवरून.

वस्तू कपाटातून बाहेर काढली की रिकाम्या जागी चिठ्ठी ठेवतात : क्रमांक, कोणी नेली, कोठे, केव्हा. पडताळणी दोन्ही दिशांनी करावी, नोंदवहीतून कपाटाकडे व कपाटातून नोंदवहीकडे. एकाच दिशेने केल्यास नोंदच नसलेली वस्तू कधीच सापडत नाही.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार (अंमल १९७६ पासून) ‘पुरावस्तू’ ठरण्यासाठी वस्तू सामान्यतः किमान शंभर, हस्तलिखित किमान पंचाहत्तर वर्षे जुने असावे लागते. संगणकीय नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची ‘जतन’ प्रणाली आहे.