कबूसची ‘पोटखिडकी’ आधी कुणाची?

अमेरिकेत पूर्वी मालगाडीच्या शेपटाला जोडत तो ‘कबूस’. आपल्याकडचा गार्डचा डबाच म्हणा ना. काही कबूसच्या दोन्ही कुशींना खिडक्या बाहेर आलेल्या दिसतात, याच ‘पोटखिडक्या’. त्या बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने शोधल्या, असं रेल्वेवेडे वर्षानुवर्षं ठोकून देतात. तसं दिसत नाही.

बाल्टिमोर अँड ओहायोने असा पहिला प्रायोगिक डबा केला १९३० मध्ये. अ‍ॅक्रन, कॅन्टन अँड यंगस्टाउन या ओहायोतल्या छोट्या रेल्वेने तो १९२३ मध्येच वापरात आणला होता, असं मानलं जातं. टायर कारखान्यांच्या अ‍ॅक्रनची ही रेल्वे १९६४ मध्ये नॉरफोक अँड वेस्टर्न या दुसऱ्या रेल्वेच्या पोटात गेली. बाल्टिमोर अँड ओहायो या मोठ्या रेल्वेने पुढे हीच घडण सरसकट उचलली, म्हणून नाव तिचं झालं. नेहमीचंच!

खिडकीचा उपयोग मात्र झकास. मालडब्यांच्या चाकांच्या आसाजवळच्या पेटीत वंगणासाठी तेलात भिजवलेले सुती धागे कोंबलेले असत. तेल आटलं की पेटी तापून धूर निघे. तो हेरायला जुन्या कबूसमध्ये छतावरच्या घुमटीत चढून बसावं लागे. गाडीला हिसका बसला की माणूस थेट खाली! पोटखिडकीत मात्र बाकावर बसल्या बसल्या गाडीची अख्खी बाजू दिसे.