नवं मॉडेल की नवी पिढी? लॅपटॉपसाठी थांबायचं ते नेमकं कशासाठी

प्रवेशाचे दिवस आले की आमच्या गोतावळ्यातले सगळे लॅपटॉप माझ्या सल्ल्यानं घेतले जातात, आणि बिघडले की शिव्याही मलाच. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या जुलैत, भाचीचा नंबर लागला. इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर शाखा मिळालेली, कॉलेज सुरू व्हायला तीन आठवडे. फोनवर पहिलंच वाक्य, "मामा, दुकानदार म्हणतोय दिवाळीला नवीन येतंय. थांबू का?"

"नवीन म्हणजे काय येतंय, ते विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. कुणीच विचारत नाही. दुकानदार म्हणतो नवं मॉडेल, आपण ऐकतो नवी पिढी. मॉडेल म्हणजे डब्यावरचं नाव आणि नंबर. ते दर वर्षी बदलतंच, कारण बदललं नाही तर जाहिरात कशाची करणार? पिढी म्हणजे आतल्या प्रोसेसरचा आराखडा. तो बदलला तर यंत्र खरंच वेगळं वागतं. या दोन गोष्टी कधी बरोबर येतात, पुष्कळदा येत नाहीत, आणि दुकानात ‘न्यू’चा स्टिकर मात्र दोन्हींवर सारखाच चिकटवलेला असतो.

मी तिला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात, घेऊन गेलो. काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवलेले. दोन्हींत एएमडी कंपनीचा रायझन ५ प्रोसेसर, दोन्ही ७००० नंबरांच्या मालिकेतले, दोन्हींत आठ जीबी रॅम. एकाचा नंबर ७५२०यू, दुसऱ्याचा ७५३०यू. किमतीत चारेक हजारांचा फरक. भाचीची आई म्हणाली, "नंबरात दहाचा तर फरक आहे, स्वस्तातला घे."

त्या नंबरात वाचायचा असतो तो तिसरा अंक. एएमडीनं या मालिकेची रीत स्वतःच जाहीर केली होती: पहिला अंक मॉडेलच्या वर्षाचा, ७ म्हणजे २०२३. तिसरा अंक आराखड्याचा. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, हा २०१९चा आराखडा. ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३, २०२०चा. खऱ्या अर्थानं नवा पाहिजे तर तिथे ४ हवा, जसा ७६४०यूमध्ये आहे. म्हणजे मॉडेल २०२३चं आणि पिढी २०१९ची, असा माल उजळ माथ्यानं विकला जात होता. त्यात ७५२०यूला चार कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले काम करणारे हात, ७५३०यूला सहा. शिवाय ७५२०यू ज्या जातीची रॅम वापरतो ती बोर्डावरच सोल्डर केलेली येते. आठ जीबीचा घेतलात तर तो मरेपर्यंत आठ जीबीचाच. दुसऱ्यात मात्र रॅम वाढवायला एक स्लॉट रिकामा होता. हे सगळं त्या "दहाच्या फरकात" दडलेलं.

अर्थात ७५३०यू तरी कुठे ताजा? २०२२च्या ५६२५यूलाच थोडं परीटघडी करून पुढच्या वर्षी नव्या नंबरानं आणलेलं आहे. प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी इंटेलही काही मागे नाही. तिचा ‘कोअर ५ २१०एच’ नावाचा प्रोसेसर २०२५ मध्ये आला, पण आतले कोअर मोजले तर तेराव्या पिढीच्या आय५-१३४२०एचचा सख्खा भाऊ. वेग किंचित जास्त, इतकंच. अशा मॉडेलसाठी चार महिने थांबणं म्हणजे पाटी बदललेल्या खानावळीत वेगळी आमटी मिळेल म्हणून उपाशी बसणं.

मग थांबायचं तरी कधी? एक उदाहरण असं आहे की ते आठवलं तरी लोक हळहळतात. मार्च २०२० मध्ये ॲपलनं इंटेलचा प्रोसेसर घातलेली मॅकबुक एअर आणली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपची एअर आली. नाव तेच, वर्ष तेच, बाहेरून पाहिलं तर ओळखू येणार नाही. पण दुसरीत पंखाच नाही, गरज नाही म्हणून, आणि बॅटरी दिवस काढते. पुढे २०२५ मध्ये ॲपलची मॅकओएस टाहो ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली, तेव्हा ती चालणाऱ्या यंत्रांच्या यादीतून २०२०ची इंटेल एअर गळली आणि तिच्याहून आठ महिन्यांनी धाकटी एम१ आत राहिली. याला पिढी बदलणं म्हणतात.

आणि ही अफवा नव्हती. इंटेल सोडून स्वतःच्या चिपवर जाणार, हे ॲपलनं जून २०२० मध्येच जाहीर सांगितलं होतं. त्यानंतर ऑगस्टमध्ये ज्यानं इंटेल एअर घेतली, त्याला थांबायला कारण होतं. कंपनीनं तोंडानं सांगितलेला बदल आणि यूट्यूबवरच्या कुणाला कुणकुण लागलेला बदल, यांत पहिल्यासाठी मी थांबेन. तेही हातातलं यंत्र चालत असेल तर.

यात आणखी एक तिसरंच ‘थांबणं’ मिसळतं: भाव उतरण्यासाठी. एम३ची एअर आपल्याकडे १,१४,९०० रुपयांपासून सुरू झाली होती. मार्च २०२५ मध्ये एम४ आली ती ९९,९०० पासून. ठेवण तीच. इथे थांबणाऱ्याचा फायदा झाला, पण तो खिशात झाला, कामात फारसा नाही. मुंबईच्या दुकानांत असं उतरणं दसरा-दिवाळीला दिसतं, आणि जानेवारीत लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात नव्या चिपा जाहीर झाल्या की जुना साठा काढायची घाई होते तेव्हा. जाहीर झालेला माल इथल्या काउंटरवर यायला मात्र बरेचदा आणखी काही महिने जातात.

पण भाव उतरतीलच, यावर पैज लावू नका. भाचीच्या वर्गातल्या एका मुलानं पंतप्रधानांचं १५ ऑगस्टचं भाषण ऐकलं, जीएसटी कमी होणार म्हणून थांबला. २२ सप्टेंबरला नवे दर आले. एसी आणि मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर उतरले. लॅपटॉप आधीच १८ मध्ये होता, तिथेच राहिला. पोरानं अर्धं सेमिस्टर कॉलेजच्या लॅबमध्ये काढलं.

ज्यांच्या घरी विंडोज १० चं जुनं यंत्र आहे, त्यांचं गणित निराळं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचा असेल तर तो बँकेच्या कामाला वापरत ‘पुढच्या पिढी’ची वाट पाहू नका. आठव्या-नवव्याचा असेल आणि नुसता मंद झाला असेल, तर आधी मागचं झाकण उघडा. आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. पुष्कळांची खरेदी तिथेच दोन वर्षं पुढे जाते.

भाचीनं ७५३०यू घेतला, त्याच दिवशी. आठ जीबी आत्ता पुरेल, रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी आठची एक कांडी दिवाळीत टाकू, सेलमध्ये स्वस्त मिळेल, असं मीच ठरवलं. दिवाळीत गडबड झाली, राहून गेलं. तोवर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार उचलला होता. डिसेंबरात तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं सांगितलं. जुलैत काउंटरवर सांगितलेल्या भावाच्या दुपटीहून जास्त पैसे मोजून ती कांडी मी आणली. भाचीनं बिल पाहिलं आणि म्हणाली, "मामा, ही कुठल्या पिढीची?"

डीडीआर४, रॅमची आधीची पिढी. जुनीच.