वयात येणारी मुलगी रंगमंचावर कशी आली?

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग होता. अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या त्या तिथेच, म्हणून ती रात्र आपल्या लक्षात आहे. नाटक कशावर होतं, हे मात्र सहसा निघत नाही. गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ च्या या नाटकात वयात येणारी पोर पैशांपायी पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला द्यायला काढलेली असते. दुःख तिचं, पण ते वठवायचा पुरुष नट.

एकट्या नर्तकीने मुलीच्या मोठं होण्याची गोष्ट अंगाने सांगायची, या प्रकाराला म्हणून मी फार मानते.

तेव्हा वाड्यांत न्हाण आलं, म्हणजे पहिली पाळी आली, की मुलीला मखरात बसवत, ओटी भरत, बायका गाणी म्हणत. लग्न आधीच लागलेलं असे. आता नांदायला जायचं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहावरून बारावर नेली, तर त्यावरूनही केवढं रण माजलं! १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींच्या लग्नाचं वय चौदा केलं. हळूहळू मखर गेलं, ‘कावळा शिवला’ म्हणून कोपऱ्यात बसणं तेवढं राहिलं. गाणीही गेली. ती चुप्पी मला जास्त जाचक वाटते.

बोलायची सोय होती ती खेळांत. भोंडल्यात मधे पाटावर हत्ती, भोवती फेर; गाणाऱ्या पोरी परकरातल्या आणि गाण्यांत सासू, नणंद, माहेरची ओढ. मंगळागौरीला एकीने सासू व्हायचं, दुसरीने सून, आणि ठेक्यात कडाकडा भांडायचं. नाच, सोंग, संवाद सगळं एकत्र, बघणाऱ्याही बायकाच.

एकटीने अनेकींना उभं करण्याचं तंत्र कथकच्या गतभावात, म्हणजे एकटीने चालीतून आणि अभिनयातून गोष्ट सांगण्यात, मुरलेलं आहे: राधा पलटा घेते, कृष्ण होते, पुन्हा पलटून सखी. बोलक्या रंगभूमीवर सुषमा देशपांडे यांनी १९८९ मध्ये ‘व्हय, मी सावित्रीबाई’ एकटीने पेललं. अडत होतं ते विषयापाशी. नायिकेचा विरह चाले, पहिली पाळी नाही. १९७३ पासून जर्मनीतल्या वुपर्टालमध्ये नृत्यदिग्दर्शिका पिना बाऊश यांनी रोजचं चालणं, पडणं, बिलगणंही नृत्यात घेतलं. अशा नृत्यनाट्यात छाती दिसू नये म्हणून पोक काढून चालणारी सातवीतली मुलगी जशी चालते तशीच रंगमंचावर येऊ शकते.