पाला सुका असला तरी 'सुका कचरा' नाही
(आमच्या सोसायटी आणि घरगुती ग्राहकांसाठी)

पावसाळा लागला की सकाळी आठपासून आमचा फोन सुरू होतो. "खताच्या टाकीला वास येतोय, अळ्या झाल्यात, तळमजल्यावरचे काका मीटिंगमध्ये विषय काढणार आहेत, लगेच माणूस पाठवा." माणूस येतो, झाकण उघडतो. आत भाजीची देठं, कलिंगडाची सालं, शिळा भात, चहाचा चोथा, सगळा लगदा. तळाला काळं पाणी. पाल्याचं एक पान नाही. आणि गेटपाशी माळीदादांनी झाडून भरलेली पाल्याची तीन पोती घंटागाडीची वाट बघत उभी!

विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अहो, तो सुका कचरा ना? टाकीवर तर 'ओला' लिहिलंय."

खरं सांगायचं तर चूक तुमची एकट्याची नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचऱ्याचे भाग पाडले ते जैवविघटनशील, अविघटनशील आणि घरगुती घातक असे. आता हे शब्द घंटागाडीच्या भोंग्यावर कोण म्हणणार? म्हणून ओला आणि सुका. शब्द सोपे झाले, पण पाचोळा अधांतरी राहिला. हाताला सुका लागतो, पण कुजतो, म्हणजे तो टाकीचाच. त्याच नियमांत बागेचा कचरा वेगळा ठेवून आपल्याच आवारात साठवायला सांगितलं होतं. आमच्या दृष्टीने तो कचरा नाहीच, टाकीचा अर्धा खुराक आहे.

स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र (नायट्रोजन) जास्त, कर्ब (कार्बन) कमी. नीट कुजायला नत्राच्या पंचवीस-तीस पट कर्ब लागतो आणि आत हवा खेळावी लागते. पाला दोन्ही कामं करतो. तो नसला की लगदा बसतो, हवा बंद होते आणि हवेविना जगणारे जिवाणू कामाला लागतात. वास त्यांचा. कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, दुप्पट टाकून तो जात नाही. कल्चर आम्हीच विकतो, तरी सांगतोय.

माप साधं आहे. एक बादली ओला कचरा, तर एक बादली चुरलेला पाला. वरचा थर कायम पाल्याचा. शंका आली तर हातमोजा घालून आतला माल मुठीत दाबा. एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर आणखी पाला टाका आणि खालीवर करा.

पाला गोळा करायचा तो माघ-फाल्गुनात, पानगळ सुरू असताना, कारण लागतो खरा जुलैत. कांद्याच्या जाळीच्या गोण्यांत भरून छताखाली रचा. नाशकात या गोण्यांची वानवा नाही, आणि जाळीतून हवा लागते म्हणून पाल्याला बुरशी धरत नाही. पेटवून मात्र देऊ नका. उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000 रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर 2016 चा आदेश आहे. आवारात झाडच नसेल तर आमच्याकडून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. झाड असेल तर पैसे वाचवा.

घंटागाडी रोज येते, मग आम्हीच का कुजवायचं, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, हे 2016 च्या नियमांनीच सांगितलं होतं. पुढे 2020 च्या विकास नियंत्रण नियमावलीने, बिल्डर जिला युडीसीपीआर म्हणतात तिने, 4,000 चौरस मीटरच्या पुढच्या बांधकामांना जागेवर प्रक्रिया सक्तीची केली. म्हणून नव्या इमारतीत बिल्डर ओला कचरा दळायचं मशीन बसवून जातो. पाथर्डी फाट्याकडच्या एका सोसायटीत आम्ही गेलो तेव्हा त्या मशीनवर गणपतीच्या मांडवाचे पडदे घड्या घालून ठेवले होते. मशीन नवंकोरं, चालवायचं कसं हे कुणी सांगितलेलंच नाही. कुठल्याही कंपनीचं असो, आम्ही सुरू करून देतो आणि तुमच्या हाउसकीपिंगच्या मंडळींना तिथेच शिकवतो. फक्त मशीनमधून पंधरा मिनिटांत निघतं ते खत नसतं, दळलेला कचरा असतो. तो अजून काही आठवडे क्रेटमध्ये कुजू द्यावा लागतो. तसाच कुंडीत घातलात तर झाड पिवळं पडेल आणि फोन आम्हालाच येईल.

खत परत विकत का घेत नाही? कारण पिशवीत भरून खत म्हणून विकायचं तर 1985 चा खत नियंत्रण आदेश लागू होतो. शहरी कंपोस्टला ओलावा 15 ते 25 टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर 20 च्या आत, अशी मापं आहेत. प्रत्येक सोसायटीचा माल तपासून घेणं आमच्या आवाक्यातलं नाही. तुमच्याच बागेत आणि कुंड्यांत वापरा, रहिवाशांना वाटा.

आता भेटीच्या पैशांबद्दल. यंत्रात दोष निघाला तर वॉरंटीत एक रुपयाही घेत नाही. पाला न घातल्यामुळे टाकी उपसावी लागली तर मात्र घेतो. दोन माणसांचा अर्धा दिवस त्यात जातो, आणि ते काम कसलं असतं ते झाकण उघडल्यावर तुम्हीच बघा. वार्षिक करारात तीन भेटी धरलेल्या आहेत, त्यातली एक पावसाळ्याच्या तोंडावर.

फोन करण्याआधी झाकण उघडून आतला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि पाल्याच्या किती गोण्या शिल्लक आहेत तेवढं लिहा.