जलमग्न शिकारस्थळे

सरोवरांची पातळी चढल्याने बुडालेली प्रागैतिहासिक शिकारीची ठिकाणे. सर्वांत चर्चिलेले उदाहरण उत्तर अमेरिकेतील ह्युरॉन सरोवरातले आहे. ढोबळमानाने 10,000 ते 7,500 वर्षांपूर्वी पाणी खाली असताना तेथील अल्पीना–अँबर्ली हा खडकाळ कणा उघडा होता. पुरातत्त्वज्ञ जॉन ओ’शे व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये त्यावरील दगडी रांगा प्रसिद्ध केल्या. 2014 मध्ये सुमारे 37 मीटर खोलीवरची, 8 मीटर रुंद व 30 मीटर लांब अशी कॅरिबूंच्या (उत्तर अमेरिकेतील रेनडियर) हाक्याची वाट, म्हणजे दगडी रांगांमधून कळप शिकाऱ्यांकडे हाकण्याचा मार्ग, नोंदवली गेली.

या रांगा मानवनिर्मित की हिमनदीने टाकलेल्या, हा खरा वाद आहे. हिमनदीही दगड ओळीने सोडते, म्हणून नुसती रांग पुरावा ठरत नाही. मात्र येथे रांगांना लागूनच दबा धरण्याचे गोल आडोसे आहेत, वाटेचा रोख वसंतातल्या स्थलांतराशी जुळतो आणि तळाच्या गाळात दगडाचे छिलके (हत्यार घडवताना उडालेले पातळ तुकडे) मिळाले. हे तिन्ही एकत्र पाहता मानवनिर्मितीचे मत अधिक ग्राह्य वाटते. शोधाचा क्रम ठरलेला असतो: आधी सोनारने (ध्वनिलहरींनी तळ टिपणारे यंत्र) पट्टे पाडून तळ तपासणे, मग दूरनियंत्रित कॅमेरा, शेवटी पाणबुडे. छिलके नखाएवढेही असतात. जाड चाळणीतून ते निसटतात.

बुडालेल्या स्थळांचा हाच प्रश्न बेळगाव सीमाभागातही येतो; तेथे मात्र नैसर्गिक सरोवरे नव्हेत, धरणांचे फुगवटे आहेत. घटप्रभा व मलप्रभा खोऱ्यांतील अश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांच्यापासून सुरू होतो, पुढे आर. व्ही. जोशी व आर. एस. पप्पू यांचे काम महत्त्वाचे. ही हातकुऱ्हाडी व फरश्यांची (आडव्या रुंद धारेची दगडी हत्यारे) परंपरा ह्युरॉनहून कितीतरी जुनी. तिच्याशी थेट तुलना नको.

घटप्रभेवरील हिडकल जलाशय उन्हाळ्यात उतरला की हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडते, तसा काठाचा पट्टाही. लाटा बारीक माती धुऊन नेतात व जड दगड जागीच राहतात, त्यामुळे निरनिराळ्या थरांतली हत्यारे एकाच पातळीवर दिसतात आणि काळ फसतो. गुरांच्या खुरांनी उडालेले कपचे तासणीसारखे (कातडे वा लाकूड खरवडण्याचे दगडी हत्यार) भासतात. जुने बांध व गोठ्यांचे पाये हाक्याच्या रांगांसारखे. म्हणून बुडण्यापूर्वीचा गावनकाशा जुळवून पाहावा. दगड उचलण्याआधी त्याचे स्थान, त्या दिवसाची जलपातळी व दगडाच्या धारेची स्थिती (ताजी की घासलेली) लिहावी; घासलेली धार बहुधा वाळू-गोट्यांच्या भरडीतून वाहत आल्याची खूण असते.