अथेन्सचे अॅक्रोपोलिस संग्रहालय : पार्श्वभूमी

अथेन्सच्या अॅक्रोपोलिस टेकडीवरील जुने संग्रहालय 1874 मध्ये पूर्ण झाले. उत्खननातून निघणाऱ्या शिल्पांना ते लवकरच अपुरे पडू लागले. पुढे शहराच्या प्रदूषित हवेने उघड्यावरचा संगमरवर झिजू लागल्यावर शिल्पे खाली उतरवून छपराखाली नेणे भाग पडले आणि जागेची अडचण आणखी वाढली. नव्या इमारतीसाठी 1976 आणि 1979 मध्ये घेतलेल्या स्पर्धा निष्फळ ठरल्या. 1989 च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आराखडा निवडला गेला, पण टेकडीच्या दक्षिण पायथ्याच्या नियोजित जागेत प्राचीन वस्तीचे अवशेष सापडल्याने तोही रद्द करावा लागला.

खरा वाद येथून सुरू होतो. घरे, रस्ते, विहिरी, स्नानगृहे आणि कारागिरांच्या कार्यशाळा असलेली ही वस्ती इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकाच्या अखेरीपासून इसवी सनाच्या बाराव्या शतकापर्यंत नांदत होती. प्राचीन वारसा जपण्यासाठी बांधायच्या इमारतीचा पाया त्याच वारशात खणणे कितपत योग्य, हा विरोधकांचा प्रश्न होता आणि तो अत्यंत रास्त होता. जागा बदला, अशी मागणी झाली. प्रकरणे न्यायालयातही गेली. जागा बदलायची नाही, या निर्णयामागचे मुख्य कारण दृष्टीचे होते : टेकडीवरील पार्थेनॉन या प्राचीन मंदिराची शिल्पे त्या मंदिरासमोरच, त्याच सूर्यप्रकाशात दिसावीत, आणि हे दुसऱ्या कोणत्याही जागेवर साधणे कठीण होते. हे कारण पटण्यासारखे असले, तरी अवशेषांना धक्का न लावता बांधता येईल हे सिद्ध होईपर्यंत विरोधकांची बाजू अधिक भक्कम होती, असेच म्हणावे लागेल.

2000 च्या चौथ्या स्पर्धेत म्हणूनच उत्खननाचे जतन ही अटच घालण्यात आली. निवडलेल्या आराखड्यात सबंध इमारत शंभराहून अधिक काँक्रीटच्या खांबांवर उचलून धरली होती. कोणत्याही भिंतीला किंवा फरशीला इजा होऊ नये म्हणून प्रत्येक खांबाची जागा पुरातत्त्वज्ञांशी चर्चा करून ठरवण्यात आली. भूकंपाचे धक्के झेलण्यासाठी खांब व इमारत यांच्यामध्ये विशेष आधार बसवले गेले, आणि खालची वस्ती दिसावी म्हणून तळमजल्याच्या जमिनीत काच वापरली गेली. या सर्वांत 2004 च्या ऑलिंपिकपूर्वी इमारत उघडण्याचा बेत फसला. संग्रहालय 2009 च्या जूनमध्ये खुले झाले. खर्च सुमारे 13 कोटी युरो आला.

दरम्यान 2007 मध्ये आणखी एक वाद पेटला. संग्रहालयाच्या पुढ्यातील दोन संरक्षित जुन्या इमारती दृश्याआड येतात म्हणून त्या पाडण्याचे घाटत होते. नागरिकांनी आणि वास्तुविशारदांनी कडाडून विरोध केला आणि इमारती वाचल्या. ते योग्यच झाले.

वरचे दालन खालच्या मजल्यांपासून 23 अंशांनी वळवून पार्थेनॉनला समांतर केले आहे. मंदिराभोवती फिरणारा 160 मीटरचा शिल्पपट्ट तेथे मूळ क्रमाने आणि मूळ दिशांना लावलेला आहे. अथेन्समध्ये राहिलेले मधाच्या रंगाचे मूळ संगमरवरी तुकडे आणि परदेशी असलेल्या तुकड्यांच्या पांढऱ्याफटक प्लास्टर प्रतिकृती शेजारी शेजारी असल्याने काय हरवले आहे ते पाहणाऱ्याला लगेच कळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश राजदूताने नेलेला आणि 1816 पासून लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात असलेला भाग परत मागताना 'तुमच्याकडे ठेवायला जागा कुठे आहे?' असे ग्रीसला विचारले जाई. या दालनाने तो आक्षेप निकालात काढला. ब्रिटनच्या 1963 च्या कायद्याने तेथील संग्रहालयाला वस्तू देऊन टाकण्यास जवळजवळ मज्जावच आहे. ती अडचण मात्र कोणतीही इमारत दूर करू शकत नाही.

2019 मध्ये खालच्या उत्खननाचा सुमारे 4,000 चौरस मीटरचा भाग प्रेक्षकांना खुला झाला. 2022 मध्ये इटलीतील पालेर्मोहून शिल्पपट्टातील आर्टेमिस या ग्रीक देवीच्या पावलाचा तुकडा कायमचा परतला, आणि 2023 मध्ये व्हॅटिकनकडील तीन तुकडेही अथेन्सला आले. लंडनशी वाटाघाटी चालू आहेत.